लहान शस्त्रक्रियेनंतर रेंगाळणारा मूत्रविकार

तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी आपल्या धन्वंतरी महालात औषधांची पारख करविली. नेत्ररोग्यांची टिपणे तर डोळ्यांच्या चित्रांसह लिहून ठेवविली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. रोग्याच्या तक्रारीची अशी लेखी नोंद ज्या विकारात आजही विशेष उपयोगी पडते, असा एक विकार स्त्रियांच्या वाट्यास येतो. त्याविषयी मात्र त्या सहसा बोलत नाहीत.

गर्भाशयाची पिशवी साफ करणे, म्हणजे क्युरेटिंग, ही अगदी लहान शस्त्रक्रिया होय. तंजावरच्या राजा मिरासदार रुग्णालयासारख्या स्त्रियांच्या रुग्णालयांत ती नित्याची आहे. बहुतेक स्त्रिया लवकरच कामाला लागतात. काहींना मात्र पुढे लघवीस जळजळ होते, वरचेवर जावे लागते, किंवा जाऊन आल्यावरही मूत्राशय रिते झालेसे वाटत नाही.

याचे कारण शरीररचनेत आहे. मूत्राशय गर्भाशयाच्या अगदी पुढे असतो आणि स्त्रीचा मूत्रमार्ग अवघा ४ सेंटिमीटरांच्या आसपास लांब असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी मूत्राशय रिकामा करण्यासाठी नळी घातली असल्यास तिच्यावाटे जंतू आत शिरू शकतात. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा त्यांतील नेहमीचा. म्हणून प्रथम लघवीची तपासणी व कल्चर करावे. कल्चरचा निकाल येण्यास एकदोन दिवस लागतात. तोवर शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेणे हा शुद्ध अविचार आहे. त्याने जंतू मरत तर नाहीतच, उलट औषधास दाद देईनासे होतात.

खरी अडचण पुढेच आहे. कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत, तरी त्रास राहतो. अशा वेळी ‘मनाचे खेळ’ म्हणून स्त्रीची बोळवण करणे अशास्त्रीय होय. वेदनेच्या भयाने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडून राहतात व लघवी मोकळी होत नाही. सोनोग्राफीने मागे उरलेली लघवी मोजता येते. मधुमेह, मूतखडा, योनिमार्गाचा दाह हेही पाहावे लागतात, कारण शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेली प्रत्येक तक्रार शस्त्रक्रियेमुळेच असते असे नाही.

येथे रोजनिशी कामी येते. तीन दिवस, घड्याळाची वेळ लिहून, पाणी किती प्यालो व मापाच्या भांड्यात लघवी किती झाली हे टिपावे. प्रत्येक खेपेस थोडीथोडीच होत असेल तर वैद्यास एक दिशा मिळते. एकूण प्रमाणच फार असेल तर निराळी. त्यावरून औषध, स्नायू सैल सोडण्याचा व्यायाम, किंवा दोन खेपांतील अंतर हळूहळू वाढविण्याचा सराव ठरतो. जळजळीच्या धास्तीने पाणी तोडणाऱ्या स्त्रिया पुष्कळ. त्यामुळे लघवी दाट होऊन जळजळ वाढतेच.

थंडी वाजून ताप, कुशीत कळ, लघवी अजिबात न होणे, लघवीतून रक्त, अथवा नकळत सतत गळती, यांपैकी काहीही दिसल्यास रोजनिशी बाजूस ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.