टेपमधली घूं

२१ जून १९७७ च्या रात्री लॉस एंजेलिसजवळच्या फोरम सभागृहात लेड झेपलिन वाजवत होते आणि प्रेक्षकांत माइक मिलार्ड नावाचा एक तरुण चाकांच्या खुर्चीत बसला होता. त्याचे पाय ठणठणीत होते. खुर्ची होती ती सामान आत नेण्यासाठी : नाकामिची ५५० हे बॅटरीवर चालणारं कॅसेट मशीन आणि एकेजी कंपनीचे माइक. तीन तासांहून जास्त चाललेला तो कार्यक्रम त्याने अख्खा टिपला. रॉकच्या चोरट्या ध्वनिमुद्रणांत ती टेप आजही पहिल्या पंगतीला बसते.

मी ती ऐकली खोपोलीत, आषाढात, काकांच्या मागच्या खोलीत. बाहेर असा पाऊस की घाटावरून उतरणारे पाण्याचे मोठे नळसुद्धा दिसत नव्हते. काका खोपोलीच्या पॉवर हाऊसमधून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. तरुणपणी ते लोकल पकडून काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये रेकॉर्डी चाळायला जात आणि बहुतेक वेळा न घेताच परत येत. आता त्यांच्याकडे लोक टेपा घेऊन येतात. कर्जत-खालापूर पट्ट्यात मुंबईहून येऊन स्थायिक झालेली घरं पुष्कळ, आणि प्रत्येक घराच्या माळ्यावर एक खोका असतोच. बारशाची कॅसेट, भजनीबुवांची कॅसेट, दिवाणखान्यातल्या मैफलीचं स्पूल. काका ते सगळं संगणकावर उतरवून देतात, पैसे घेत नाहीत, आणि गिऱ्हाइकाला भरपूर बोलून घेतात.

बोलून घेण्याचं कारण बुरशी. आमच्याकडचा पाऊस चार महिने भिंतीत मुरतो. टेपच्या कडेवर पांढरी पूड दिसली की काका स्पूल मशीनवर चढवतच नाहीत. आधी ते कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहतं, मग हाताने सावकाश फिरवून मऊ कापडातून निघतं. मशीनचं हेड प्रत्येक बाजूनंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. बोळा तपकिरी निघाला तर तो रंग गाण्याचाच, कारण टेपवरची चुंबकीय भुकटीच सुटून आलेली असते. अशा वेळी काकांचा चेहरा पाहावा.

त्यानंतरचं काम बारीक स्क्रू-ड्रायव्हरचं. हेडची फट टेपला काटकोनात हवी. ज्या मशीनवर टेप भरली गेली त्याचं हेड केसभर तिरकं असेल, तर आपल्याला आपलं हेडही तितकंच तिरकं करावं लागतं. काका कानाला हेडफोन लावून स्क्रू अगदी नखभर फिरवतात. टाळ्या ऐकत राहायचं. टाळ्या आधी पिठासारख्या एकजीव ऐकू येतात. मग एका क्षणी प्रत्येक टाळी सुटी होते, कोणाच्या तरी बांगड्या वाजतात, मागे कोणी खुर्ची सरकवतं. तिथे थांबायचं. गाण्यावर हे जमत नाही, टाळ्यांवरच जमतं, म्हणून काका टाळ्या कापून टाकणाऱ्या माणसाला शत्रू समजतात.

झेपलिनची प्रत त्यांच्याकडे संगणकाच्या फायलींच्या रूपात आली होती, सोबत एक चिठ्ठी : मूळ कॅसेट कोणत्या मशीनवर भरली, तिच्यावरून दुसरी कुठे झाली, दुसरीवरून तिसरी. ही वंशावळ हौशी लोक फार काटेकोर ठेवतात. प्रत्येक पिढीत थोडी खरखर वाढते, वरचे स्वर थोडे बोथट होतात आणि वेग थोडा सरकतो, कारण कोणत्याही दोन मशीनच्या मोटारी अगदी एका गतीने फिरत नाहीत. काकांनी गाणं लावलंच नाही. दोन गाण्यांमधली जागा शोधली. लोक शिट्ट्या मारत होते, कुठेतरी फटाका फुटला (त्या दौऱ्यात प्रेक्षक फटाके फेकत, त्याची तक्रार गायक रॉबर्ट प्लांट मंचावरूनच करत असे), आणि या सगळ्याच्या खाली, गिटारच्या अँप्लिफायरमधून येणारी एक जाडसर घूं.

“ही बघ,” काका म्हणाले.

पडद्यावरच्या आलेखात तळाशी एक सरळ रेघ होती. विजेची घूं. मिलार्डचं मशीन बॅटरीवर होतं, तेव्हा ती मशीनची नव्हे. सभागृहातल्या स्पीकरमधून निघून हवेतून माइकमध्ये शिरलेली. अमेरिकेची वीज सेकंदाला ६० आवर्तनं पूर्ण करते, त्यामुळे रेघ ६० वर आणि तिची जोडीदारीण १२० वर हवी. आमच्या प्रतीत ती ६१ च्या थोडी पुढे होती. म्हणजे वंशावळीत कुठेतरी कोणाचं तरी मशीन दोन टक्के जोरात पळत होतं. काकांनी वेग तेवढा खाली आणला आणि मग गाणं लावलं. जॉन बॉनमचा ड्रम जागेवर बसला. दोन टक्के म्हणजे काही फार नाही, पण मघाशी तोच ड्रम जरा घाईत असल्यासारखा वाटत होता आणि त्याचं कारण आपल्याला सांगता येत नव्हतं.

काकांना या नादाची गोडी लागली ती मात्र अमेरिकेच्या टेपांमुळे नव्हे. १९७२ मध्ये झेपलिनचे जिमी पेज आणि प्लांट मुंबईत आले, स्थानिक वादकांना घेऊन त्यांनी आपलीच दोन गाणी एका स्टुडिओत वाजवून पाहिली आणि निघून गेले. ते ध्वनिमुद्रण कित्येक दशकं चोरवाटेने हातोहात फिरलं. २०१५ मध्ये ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीत ते अधिकृतपणे आलं. काकांनी ते त्याच्या कितीतरी आधी, आठव्या-नवव्या पिढीच्या कॅसेटवर ऐकलं होतं. “वाद्यं कुठली ते कळत नव्हतं, पण आपल्या मुंबईत वाजलंय एवढं कळत होतं,” असं ते सांगतात. अधिकृत प्रत स्वच्छ आहे. त्यांना ती फारशी आवडत नाही. मला आवडते.

काकांच्या बोलण्यात वीज येते ती हौस म्हणून नव्हे, ती त्यांची नोकरीच होती. टाटांचं खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. लोणावळा, वळवण, शिरवटा या तळ्यांचं पाणी घाटाखाली सोडायचं आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं केंद्र १९२२ चं, मुळशीच्या पाण्यावरचं भिरा १९२७ चं. मुंबईतल्या जुन्या टेपेवर जी घूं ऐकू येते तिच्यात खोपोली-भिवपुरीचं पाणी मिसळलेलं असतं, हे काका छाती फुगवून सांगत नाहीत, नुसतं सांगतात. आपल्याकडे तिची रेघ ५० वर हवी. आणि ख्यालाच्या टेपेला या रेघेची गरज रॉकपेक्षा जास्त. गिटार जगभर साधारण एकाच मापाने लावतात, त्यामुळे वेग चुकला तर निदान संशय येतो. आपल्याकडे ज्याची त्याची पट्टी वेगळी. बुवा काळी एकमध्ये गातायत की टेप पळतेय, हे नुसत्या कानाने ठरवायचं कसं?

त्याच पावसाळ्यात कर्जतच्या एका गृहस्थांनी दोन स्पूल आणून दिली. दादरच्या त्यांच्या जुन्या घरातली मैफल, ऐंशीच्या दशकातली, वडिलांनी भरलेली. गायकाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलेलं नाही. कायद्याने बघायला गेलं तर कॉपीराइट कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने आपल्याकडे कलावंताला त्याच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात स्वतःच्या खाजगी ऐकण्यासाठी केलेल्या मुद्रणाला मोकळीक आहे. घरात ऐका, बाजारात नेऊ नका, असा त्याचा साधा अर्थ. काका हा नियम कायद्यात येण्याच्या आधीपासून पाळत आले आहेत. ते प्रत मालकाला देतात आणि तिसऱ्याला देत नाहीत. यावरून त्यांच्याशी अबोला धरलेली माणसं आहेत.

सात इंची स्पूल, अठराशे फूट टेप, सेकंदाला पावणेचार इंचांचा वेग, म्हणजे एका बाजूला ९६ मिनिटं. पहिल्या स्पूलवर तंबोरे जुळतायत, कोणीतरी “पंखा बंद करा” म्हणतं, पंख्याची घरघर उतरत उतरत थांबते, आणि खाली उरते ती घूं. काकांनी मोजली. पन्नास. इकडे नाही की तिकडे नाही. दुसरं स्पूल, शेवटची भैरवी : पन्नास. “चोख टेप,” काका म्हणाले आणि चहा मागितला.

काकू चहा घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या. त्या लग्नाआधी गाणं शिकत होत्या आणि या बुवांना त्यांनी समोर बसून ऐकलं होतं.

“अहो, हे वर लागलंय.”

“वर नाही. पन्नास आहे.”

“तुमचं पन्नास असेल. बुवांचा सा हा नव्हे.”

त्यांनी पेटी काढली. टेपमधल्या षड्जाला काळी एक दाबून पाहिली, टेप वर राहिली. पांढरी दोन दाबली, टेप खाली राहिली. दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये. मग काकूंनी भैरवी लावायला सांगितली. तिथे काळी एक गपकन बसली. सगळ्यात वाईट म्हणजे साथीची पेटीसुद्धा सुरुवातीला वर आणि शेवटी खाली होती. तंबोरा उतरेल, गळा उतरेल, पेटी एका रात्रीत उतरत नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कर्जतला फोन लावला आणि विचारलं, टेप ज्यावर भरली ते मशीन अजून आहे का. होतं, माळ्यावर, गंजलेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही लोकलने कर्जतला गेलो, काकांनी त्याचं मागचं झाकण उघडलं आणि मोटर पाहून “हां” एवढंच म्हणाले. ती मोटर भिंतीतल्या विजेच्या तालावर फिरणारी होती. वीज पन्नासने आली तर मशीन ठरल्या वेगाने चालणार. वीज मंदावली तर मशीनही तेवढंच मंदावणार.

आणि वीज मंदावायचीच. आज ग्रिडचा आकडा पन्नासच्या आसपास बांधलेला असतो, पण जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात विजेचे दर या आकड्याशी जोडणारी नवी पद्धत येईपर्यंत तसं नव्हतं. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की सगळ्या जनित्रांचा वेग एकत्र उतरे. संध्याकाळी घराघरांत दिवे लागले, की काकांच्या समोरचा काटा साडेअठ्ठेचाळीसवर बसे, त्यांनी घाटावरचं कितीही पाणी सोडलं तरी. मध्यरात्रीनंतर गाव झोपलं की काटा हळूहळू चढे.

आता हिशेब असा. साडेअठ्ठेचाळीस म्हणजे पन्नासपेक्षा तीन टक्के कमी. त्या संध्याकाळी दादरला मशीन तीन टक्के हळू फिरलं आणि तीन टक्के हळू घूं त्याने टिपली. आज काकांच्या बिनचूक वेगाच्या मशीनवर ती टेप लावली की दोन्ही चुका एकमेकींना खातात आणि घूं पन्नासच दाखवते. बुवांचा आवाज मात्र तीन टक्के चढतो. पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत जायला साधारण सहा टक्के वेग लागतो. तीन म्हणजे बरोबर मध्ये, जिथे काकूंना सा सापडला होता. मोजपट्टीच आखडली होती, म्हणून माप नेहमी बरोबर येत होतं. रात्र चढली, ग्रिड सुधारलं, भैरवी जागेवर आली.

हे दादरच्या दिवाणखान्यातच होतं असं नाही. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या जगप्रसिद्ध रेकॉर्डची पहिली बाजू भरताना न्यूयॉर्कच्या स्टुडिओतलं मशीन थोडं हळू चालत होतं. त्यामुळे ती तीन गाणी तीसेक वर्षं सगळ्या जगाने थोडी चढ्या सुरात ऐकली. १९९२ च्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. तोवर कित्येक वादक त्या रेकॉर्डबरोबर वाजवताना आपलंच वाद्य उतरलं असं समजून ते चढवत असणार.

दुरुस्ती करायला मग घूं उपयोगाची नव्हती. काकू पेटी घेऊन बसल्या. दर काही मिनिटांनी साथीच्या पेटीचा एक ठळक स्वर पकडायचा, तो आपल्या पेटीवर किती वर-खाली आहे ते सांगायचं आणि काकांनी तिथला वेग तेवढा ओढायचा. मी आकडे लिहून घेत होते. पहिला तास जवळजवळ सपाट तीन टक्के. मध्यंतरानंतर अडीच, मग दोन, मग झरझर खाली. सगळे ठिपके जोडून झाल्यावर काकांनी घूंची रेघ पुन्हा पाहिली. आता ती सरळ नव्हती. साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास सुरू होऊन वर चढत पन्नासला टेकत होती. “ही आमची पाळी,” काका म्हणाले. त्या रेघेकडे ते कागदपत्र तपासावं तसे बघत होते. गाण्याकडे त्या वेळी त्यांचं लक्ष नव्हतं, हे मला दिसत होतं.

घूं काढायची की ठेवायची यावर दोघांत वाद झाला. काकूंचं म्हणणं, तंबोऱ्याच्या खालच्या तारेला ती बाधते. काकांचं म्हणणं, काढताना खर्जही जातो. संगणक घूं आणि खर्ज यांत फरक करत नाही, त्याला फक्त आकडे दिसतात. मी काकांच्या बाजूने. हल्ली जुन्या मैफली इतक्या धुऊन बाजारात येतात की गायक कापसात बसून गातोय असं वाटतं, दाद देणारे सगळे खोलीबाहेर. शेवटी घूं ठेवली, पंख्याची घरघर ठेवली, मधला एक खोकला काकूंच्या हट्टाने अर्धा कमी केला.

कर्जतच्या गृहस्थांना प्रत दिली. आठवड्याने त्यांचा फोन आला. आवाज छान आहे, म्हणाले, पण बुवा जरा थकलेले वाटतात, आमच्या टेपेत त्यांचा आवाज केवढा तेजस्वी होता. काकांनी ग्रिड, मोटर, काळी एक, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, जुन्यासारखी मिळेल का. काकांनी मूळ वेगाची प्रतही दिली. वर चिठ्ठी चिकटवली : ‘पट्टी चढी आहे, पेटी जुळवून गाऊ नये.’