आधी मैदान, मग लेन्स

शाळांच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की पालक आणि क्रीडाशिक्षक एक प्रश्न हमखास विचारतात, ‘मुलांचे खेळतानाचे फोटो काढायचेत, किती एमएमची लेन्स घेऊ?’ शाळांच्या मैदानांवर फोटो काढता काढता माझं उत्तर पक्कं होत गेलं आहे. आधी मैदानावर जाऊन उभे राहा. तुम्हाला कुठवर जाऊ देतात, तिथून मूल किती लांब आहे आणि सामन्याच्या वेळी उजेड किती असतो, हे पाहा. या तीन गोष्टी कळल्या की लेन्स जवळजवळ ठरलेलीच असते.

खो-खो घ्या. मैदान साधारण २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, मधल्या पाटीवर आठ जण आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत त्याला मागे वळता येत नाही. त्यामुळे खेळाचा कळसाचा क्षण पुन्हा पुन्हा खांबापाशीच येतो. पळणारी मुलगी खांबाला वळसा घालते आणि मागची एका हाताने खांब धरून तिच्यावर झेपावते. हा सूर टिपायचा तर खांबामागे, थोडं कोपऱ्याकडे बसावं. मुली सूर मारून रेषेबाहेर येतात, म्हणून अंतिम रेषेपासून चारेक मीटर जागा मोकळी सोडायची. मांडी घालून किंवा गुडघ्यावर बसायचं, म्हणजे कॅमेरा मुलींच्या छातीच्या उंचीवर येतो आणि चेहरे दिसतात. उभं राहून काढलेल्या फोटोत नुसती डोकी येतात.

या जागेवरून जवळचा खांब सहा-सात मीटरवर असतो आणि लांबचा तीसेक मीटरवर. इथे हिशेब कामाला येतो. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २०० एमएम लावलं, तर वीस मीटरवरचं दीड मीटर उंचीचं मूल आडवी चौकट वरपासून खालपर्यंत भरून टाकतं. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, तेच मूल तेवढंच मोठं दिसायला साडेबारा मीटरवर यावं लागतं. म्हणजे ज्यांच्याकडे स्वस्तातला क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आहे, त्यांना मैदानावर लांबचं जवळ आणण्याचा फायदा आयताच मिळतो. पण जवळच्या खांबावर आडवी झेपावणारी मुलगी हातापायांसकट चौकटीत घ्यायची, तर ७० एमएमसुद्धा जेमतेम पुरतं. म्हणून लेन्स कुठवर जाते याच्या आधी ती कुठून सुरू होते, हे बघा. १५०-६०० एमएमची लेन्स पक्ष्यांसाठी उत्तम. शाळेच्या मैदानावर मात्र ती जवळच्या खांबाशी हात-पाय कापते, वजनाला दोन किलोच्या घरात जाते आणि लांबच्या टोकाला एफ/६.३ इतकी मिणमिणती होते (एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी).

सकाळच्या सामन्यांना कॅननची ५५-२५० किंवा निकॉनची क्रॉप सेन्सरसाठीची ७०-३०० पुरेशी आहे. दोन्ही अर्ध्या किलोच्या आतल्या, दिवसभर हातात धरल्या तरी खांदा भरून येत नाही. स्वच्छ उन्हात एफ/५.६ ठेवूनही एक हजारांश सेकंदाचा शटर सहज मिळतो. शंभर मीटरच्या शर्यतीलाही हीच लेन्स चालते. समाप्तीरेषेच्या पुढे, मार्गिकेच्या बाजूला बसायचं आणि धावपटू समोरून पंचवीस मीटरवर आली की चौकट भरते. अट एकच, फोकस सतत मागोवा घेणाऱ्या पद्धतीवर हवा. कॅननमध्ये तिला सर्वो किंवा एआय सर्वो म्हणतात, निकॉनमध्ये एएफ-सी. थेट आपल्या दिशेने येणारं मूल ही फोकसची सगळ्यात अवघड परीक्षा असते. म्हणून जुनी, संथ मोटरची लेन्स स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

खरी कसोटी संध्याकाळी लागते. अंतिम सामने बहुधा दिवसाच्या शेवटी होतात. डिसेंबरात पाच वाजून गेले की शाळेच्या इमारतीची सावली मैदानावर पसरते, आणि मुलं तर तेव्हाच जीव तोडून खेळत असतात. धावपळ गोठवायला शटर एक हजारांशच्या आसपास हवा, निदान एक पाचशांश तरी. लेन्सवर ‘स्टॅबिलायझेशन’ लिहिलेलं असतं, ते आपल्या हाताचा थरथराट सावरतं. पळणाऱ्या मुलाचा पाय त्याने थांबत नाही. तिथे उपयोगी पडतो तो फक्त उजेड. एफ/२.८ची लेन्स एफ/५.६पेक्षा चौपट उजेड आत घेते. जिथे एफ/५.६ला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १२८०० करावा लागतो, तिथे एफ/२.८ला ३२०० पुरतो. पहिल्या फोटोत चेहऱ्यावर रवाळपणा येतो, दुसऱ्यात कपाळावरची माती आणि घाम वेगळे दिसतात. शिवाय मागे लावलेल्या दुचाकी, मंडपाची कनात, पाण्याचे पिंप हे सगळं पुसट होतं आणि नजर मुलावर ठरते.

अशी लेन्स म्हणजे ७०-२०० एफ/२.८. वजन साधारण एक ते दीड किलो, म्हणून सोबत मोनोपॉड, म्हणजे एकपायी आधार, हवा. कॅनन, निकॉन, सोनी यांची नवी लेन्स घ्यायची तर किंमत लाखाच्या बरीच वर जाते. वर्षातून दोन-तीन दिवसांच्या स्पर्धांसाठी एवढा पैसा गुंतवायची गरज नाही. पुण्या-मुंबईत ती दिवसाच्या भाड्याने मिळते. जुनी घ्यायची तर मुंबईत फोर्टमधल्या बोराबाजारासारख्या ठिकाणी स्वतः जाऊन, हाताळून घ्या. मागून टॉर्च मारा आणि काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते बघा. ती बुरशी असते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ती हमखास धरते आणि एकदा काच खाल्ली की डाग जात नाही.

सभागृहात मॅटवर कबड्डी असेल, तर आणखी स्वस्त वाट आहे. तिथे अंतरं कमी असतात, पाच ते बारा मीटर. ८५ एमएम एफ/१.८ची झूम नसलेली लेन्स क्रॉप सेन्सरवर छान बसते आणि एफ/५.६च्या जवळपास दसपट उजेड घेते. झूमचं काम आपण जागा बदलून करायचं. बाजूला, मध्यरेषेपासून किंचित चढाई करणाऱ्या संघाच्या अंगणाकडे बसलं की पकडीत सापडलेला, रेषेकडे हात लांबवणारा चढाईपटू समोरून दिसतो. फ्लॅश मात्र वापरू नका. ऐन पकडीत मुलाच्या डोळ्यांवर झोत पडणं धोक्याचं आहे.

हलकी लेन्स सुचवण्यामागे मला आणखी एक कारण महत्त्वाचं वाटतं. जड लेन्स घेतलेला माणूस दमला की फक्त विजेत्यांपुरती ती उचलतो. शाळेच्या मैदानावर शेवटी पोचणारं मूलही तितकंच जीव लावून धावलेलं असतं, आणि त्याच्या घरी त्याचा धावतानाचा फोटो बहुतेक नसतो. तो काढाच. फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी शाळेला आणि पालकांना विचारा.

आणि खरेदीपूर्वी एवढं कराच. अंतिम सामन्याच्या वेळी, आदल्या आठवड्यात, मैदानावर जा. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स ५५वर ठेवा, म्हणजे तिचं ॲपर्चर एफ/५.६ होतं. शटर एक हजारांशवर आणि आयएसओ ऑटोवर ठेवून एक फोटो काढा. कॅमेऱ्याने ३२००पर्यंतचा आयएसओ निवडला, तर ५५-२५० घेऊन निर्धास्त राहा. त्याच्या बराच वर गेला, तर अंतिम सामन्याच्या दिवसापुरती एफ/२.८ भाड्याने आणा.