हॉल गेले, येन्का राहिला

येन्का हा फिनिश नाच शिकायला पाच मिनिटं पुरतात. एका बाजूला तीन पावलं आणि एक छोटी उडी, दुसऱ्या बाजूला तसंच, मग जोडीनं गिरक्या. शंभर वर्षांपूर्वी मिशिगनमधल्या खाणींच्या गावांत फिनिश मजूर बायकापोरांसह हेच नाचत होते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या पन्नास वर्षांत सुमारे तीन लाख माणसं फिनलंड सोडून अमेरिकेला गेली. जातील तिथं त्यांनी हॉल बांधले, कुठं दारूबंदीवाल्यांचा, कुठं समाजवाद्यांचा. या हॉलमध्ये नाटकं होत, कॉफी होई आणि रात्री नाच रंगे.

त्या नाचांची राणी विओला तुर्पेइनेन. 1909 साली मिशिगनच्या चॅम्पियन गावात जन्मलेली ही खाणपट्ट्यातली मुलगी 1928 मध्ये, विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, व्हायोलिनवादक जॉन रोसेनडालच्या साथीनं ध्वनिमुद्रिकेसाठी वाजवत होती. अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवून बाईनं गावोगावचे हॉल गाजवावेत, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे तिनं ट्रम्पेटवादक विल्यम स्यूर्यालाशी लग्न केलं आणि नवराबायकोच्या संसाराचाच बँड झाला. 1958 मध्ये ती गेली, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी.

उत्तर स्कँडिनेव्हिया आणि फिनलंडमधल्या मूळनिवासी सामी लोकांचा वाटा मात्र या कहाणीतून जवळजवळ पुसला गेला, आणि मला ते फार लागतं. बोटीतून उतरताना कागदावर ते नॉर्वेजियन, स्वीडिश किंवा फिनिश म्हणून नोंदले जात. पाद्र्यांनी त्यांच्या योइक गाण्याला पाप ठरवलं होतं. त्यांच्यातले बरेच जण लेस्टाडियन या कडक ख्रिस्ती पंथाचे, आणि तिथं नाचही वर्ज्य. अनेक घरांत आजीनं आपण सामी आहोत हे नातवंडांना सांगितलंच नाही. 1991 मध्ये अमेरिकेत ‘बाइकी’ हे सामी वंशजांचं नियतकालिक निघालं, तेव्हा त्या नातवंडांना विचारायला एक जागा मिळाली.

अमेरिकेच्या 1924 च्या स्थलांतर कायद्यानं नव्या माणसांची आवक आटली, पोरं इंग्रजी बोलू लागली आणि हॉल ओस पडले. सूर टिकले ते घराघरांत. वॉशिंग्टन राज्यातल्या नॅसेलचे विल्हो सारी यांचंच घराणं पाहा. त्यांची खापरपणजी क्रेएटा हापासालो (1813–1893) हिनं फिनलंडभर कान्तेले हे फिनिश तंतुवाद्य वाजवत फिरून मुलाबाळांचं पोट भरलं. वडीलही वाजवत. विल्होंनी स्वतः ते वाद्य हाती घेतलं पन्नाशीच्या सुमाराला, आणि 2006 मध्ये त्यांना लोककलेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. मिशिगनचे अ‍ॅकॉर्डियनवादक आर्ट मोइलानेन यांना तो 1990 मध्येच मिळाला होता. वारसा रक्तातून आपोआप येत नाही, कुणीतरी वाद्य खाली उतरवावं लागतं, हे सारींकडे पाहून मला पटतं.

हॉलसारखंच मिशिगनमधल्या हॅनकॉकचं फिनलँडिया विद्यापीठ, 1896 साली फिनिश स्थलांतरितांनी उभं केलेलं, 2023 मध्ये बंद झालं. तुर्पेइनेनचे पोल्के मात्र आजही ऐकायला मिळतात. एकदा जरूर ऐका.