अडणारा संगणक

बाजारातून सुटे भाग आणून घरच्या घरी संगणक जुळविणे आज पुष्कळांना साधले आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर एका दुकानातून मदरबोर्ड घ्यावा, दुसऱ्यातून प्रोसेसर, तिसऱ्यातून रॅम. आणि मग घरी येऊन एका दुपारच्या खटपटीनंतर पडद्यावर पहिली अक्षरे उमटताना पाहावीत, यातील आनंद तयार यंत्र विकत घेणाऱ्यास मिळत नाही. परंतु या आनंदाबरोबर एक जबाबदारीही घरात येते. तयार यंत्र बिघडले, तर ते बनविणारी कंपनी त्यास उत्तरदायी असते. घरी जुळविलेल्या यंत्राच्या प्रत्येक भागाची हमी निरनिराळ्या कंपन्यांची. तेव्हा दोष नेमका कोणत्या भागाचा, हे ठरविण्याचे काम जुळविणाऱ्याकडेच राहते. एखादा भाग साफ निकामी झाला असेल, तर हे काम अवघड नाही. खरी परीक्षा होते ती संगणक बंदही पडत नाही आणि नीट चालतही नाही, केवळ मधूनमधून अडतो तेव्हा.

बोलण्यात आपण याला ‘संगणक हँग झाला’ असे म्हणतो. पडद्यावरील चित्र जागच्या जागी राहते, माऊसचा बाण हलत नाही, घड्याळाचा काटा थांबतो. गाणे लागलेले असल्यास त्याचा एक लहानसा तुकडा टर्रर्र असा सारखा वाजत राहतो. याचे कारण गमतीचे आहे. ध्वनीचा पुढचा क्षणभराचा भाग आधीच स्मृतीत आणून ठेवलेला असतो. प्रोसेसर थांबला, की नवा भाग येत नाही. पण ध्वनी देणारी यंत्रणा बिचारी जुनाच तुकडा पुनःपुन्हा वाजवीत राहते.

अशा वेळी घाईने बटण दाबून संगणक बंद करण्यापूर्वी तो खरोखर कितपत अडला आहे, हे पाहावे. कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणकाची कार्यप्रणाली अद्याप जिवंत आहे. एखादा कार्यक्रम किंवा पडदाच तेवढा अडला आहे. दिवा मुळीच दाद देत नसेल, तर यंत्र तळापासून थांबले आहे असे समजण्यास हरकत नाही. विंडोज कार्यप्रणालीत विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्सचा चालक-कार्यक्रम नव्याने सुरू होतो. एवढ्याने पडदा सावरला, तर संशयाची दिशा तेथेच कळते. संगणक एखादा मिनिट अडून मग आपोआप पुढे चालू लागत असेल, तर संशय बहुधा डिस्कवर घ्यावा. कारण खराब जागेवरील मजकूर वाचण्याचा प्रयत्न डिस्क वारंवार करीत असते आणि तोवर सारे काम खोळंबते. काहीच उपाय चालला नाही, तर बंद करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे.

येथे एक गोष्ट सर्वांआधी केली पाहिजे. संगणक असा बळाने बंद केला म्हणजे डिस्कवर अर्धवट लिहिला गेलेला मजकूर नासण्याचा संभव असतो. वडिलांच्या दुकानाचे हिशेब, ताईचा प्रबंध, घरातील लग्नाची छायाचित्रे, हे सारे त्याच डिस्कवर असते. मदरबोर्ड नवा आणता येतो. ही छायाचित्रे आणता येत नाहीत. म्हणून यंत्र चालू असेल त्या पहिल्याच संधीला या सर्वांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी आणि मगच शोधास लागावे.

शोधाचे मुख्य साधन म्हणजे एक वही. संगणक अडला की तारीख, वेळ, सुरू केल्यापासून किती वेळ झाला होता, त्या क्षणी कोणते काम चालले होते, हे लिहून ठेवावे. आठवडाभराच्या अशा नोंदी पुष्कळ सांगून जातात. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवहीही असते. तीत अशा प्रसंगानंतर ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद हटकून आढळते, आणि ‘पॉवर’ हा शब्द पाहून अनेकजण लगेच नवा वीजपुरवठा विकत आणतात. परंतु त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तो का अडला, हे ती सांगत नाही.

दुरुस्तीच्या दुकानात बहुधा पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारून घ्या’ असा. हा सल्ला मला पसंत नाही. त्यात सर्व मजकूर पुसला जातो, आणि दोष यंत्राच्या भागात असेल तर तो जसाच्या तसा राहतो. त्यापेक्षा लिनक्स कार्यप्रणाली एका पेन ड्राइव्हवर घेऊन तीवरूनच संगणक चालवून पाहावा. डिस्क तात्पुरती काढून ठेवावी. अशा स्थितीतही संगणक अडला, तर विंडोज आणि डिस्क दोन्ही निर्दोष ठरतात. आणि न अडला, तर यंत्राच्या बाकीच्या भागांवरील संशय पुष्कळच कमी होतो.

उष्णतेचा विचार बहुतेकांच्या मनात प्रथम येतो. विदर्भात उन्हाळ्यात खोलीतील हवाच चाळीस अंशांच्या पुढे गेलेली असते, तेव्हा तो येणे साहजिकही आहे. मात्र आजचे प्रोसेसर आपले तापमान स्वतःच मोजतात आणि साधारणपणे ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास आपला वेग आपणच कमी करतात. त्यानेही भागले नाही, तर संगणक एकदम बंद होतो. म्हणजे उष्णतेने संगणक आधी मंदावतो, मग विझतो. काही सूचना न देता जागच्या जागी गोठणे हे तिचे नेहमीचे लक्षण नव्हे. तरीही तापमान दाखविणारा एखादा कार्यक्रम चालवून पाहावाच. काही काम नसतानाही आकडा ८० च्या घरात असेल, तर प्रोसेसरवरील पंखा उचलून त्याच्या धातूच्या तळाला चिकटविलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढावयाची राहिली आहे काय, ते पाहावे. प्रथमच संगणक जुळविणाऱ्यांच्या हातून ही फिल्म राहून गेल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. पंखा एकदा उचलला, की थर्मल पेस्ट मात्र नव्याने लावावी लागते. धातूच्या दोन पृष्ठभागांमधील सूक्ष्म फटींत हवा राहते आणि हवा उष्णतेची मंद वाहक आहे. त्या फटी भरून काढणे हेच या लेपाचे काम.

आता रॅमकडे वळू. माझ्या मते घरी जुळविलेल्या संगणकाच्या अडण्यात सर्वाधिक संशय येथेच घ्यावा. आठ गिगाबाइटच्या एका पट्टीत सहा हजार आठशे कोटींहून अधिक सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घरात विजेचा एक कण साठविलेला असतो आणि तो सारखा गळत असतो. म्हणून प्रत्येक घर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरून घ्यावे लागते. या प्रचंड पसाऱ्यातील एकच घर जरी दुबळे निघाले, तरी त्यात ठेवलेला एक अंक बदलतो. तो अंक छायाचित्राचा असेल, तर एका ठिपक्याचा रंग पालटेल आणि कोणाच्या ध्यानातही येणार नाही. तोच कार्यप्रणालीच्या आज्ञेचा असेल, तर संगणक तत्काळ अडेल. एकच दोष एका दिवशी निरुपद्रवी आणि दुसऱ्या दिवशी घातक का ठरतो, याचा उलगडा येथे होतो.

यात आणखी एक मेख आहे. डीडीआर४ या प्रकारच्या रॅमचा प्रमाणित वेग ३२०० पर्यंत आणि विद्युतदाब १.२ व्होल्ट आहे. परंतु वेष्टनावर ३६०० असा आकडा छापलेली रॅमही बाजारात मिळते. तो वेग बायोसमधील ‘एक्सएमपी’ ही सोय चालू केल्यावरच मिळतो, आणि त्यासाठी दाब बहुधा १.३५ व्होल्टपर्यंत चढवावा लागतो. पट्टी तो वेग सहन करील. पण आपला प्रोसेसर आणि मदरबोर्डही करतीलच, अशी खात्री नसते. म्हणून पहिला बिनखर्ची प्रयोग हा, की एक्सएमपी बंद करून संगणक काही दिवस मूळ वेगाने चालवावा. अडणे थांबले, तर एक रुपयाही न खर्चता रोग सापडला.

न थांबल्यास ‘मेमटेस्ट८६’ हा तपासणी-कार्यक्रम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. तो प्रत्येक घरात निरनिराळे अंक लिहितो आणि परत वाचून पडताळतो. सकाळी पडद्यावर एकही चूक दिसली, तरी ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. मग पट्ट्या एकेक करून, प्रत्येक खाचेत, निरनिराळ्या तपासाव्यात. एक पट्टी कोणत्याही खाचेत चुकत असेल, तर दोष पट्टीचा. कोणतीही पट्टी एकाच खाचेत चुकत असेल, तर दोष खाचेचा किंवा तिच्या मागील प्रोसेसरच्या जोडणीचा. कोकणातील दमट हवेत पट्टीच्या सोनेरी कडेवर मळ धरतो आणि दुकानदार ती खोडरबराने घासतात. ही युक्ती चालते खरी. पण सोन्याचा तो मुलामा अत्यंत पातळ असतो. तेव्हा हात हलका ठेवावा आणि रबराचा एकही कण खाचेत जाऊ देऊ नये.

वीजपुरवठा, म्हणजे दुकानाच्या भाषेत एसएमपीएस, हा भाग लोक सर्वात स्वस्त निवडतात. आणि पुढे त्याचे मोल इतर भागांना द्यावे लागते. बारा व्होल्टच्या तारेतील दाब ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान राहिला पाहिजे, असा संकेत आहे. खेळ सुरू होताच ग्राफिक्स कार्ड एकाएकी वीज ओढते आणि हलक्या पुरवठ्याचा दाब क्षणभर ढासळतो. खेळताना अडणारा संगणक पाहिला, की म्हणूनच संशय येथे येतो. परीक्षेसाठी मित्राकडून चांगला पुरवठा दोन दिवस मागून आणावा. परंतु तो किंवा आपला पुरवठा उघडण्याचा मोह मात्र सर्वथा टाळावा. त्याच्या आतील संधारित्रांत तीनशे व्होल्टहून अधिक दाब असतो, आणि पिन काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. त्याने प्राणास अपाय होऊ शकतो. बाहेरून तपासण्याजोगी गोष्ट आहे ती घराच्या भिंतीतील. संगणकाच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर तीन छिद्रांच्या त्या सॉकेटला अर्थिंग जोडलेलेच नाही असा बळकट संशय धरावा आणि वीजतंत्र्यास बोलवावे.

काम करताना यंत्र उत्तम चालते आणि मोकळे सोडले की अडते, असाही प्रकार असतो. प्रथमदर्शनी हे अगदी उलटे वाटते. २०१७ साली बाजारात आलेल्या एएमडी कंपनीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरांच्या बाबतीत, विशेषतः लिनक्स वापरणाऱ्यांना, हा अनुभव आला. रात्री चालू ठेवलेला संगणक सकाळी गोठलेला आढळे. झाले होते असे, की मोकळा प्रोसेसर वीज वाचविण्यासाठी फार गाढ निद्रेत जाई आणि इतकी कमी वीज घेई, की काही पुरवठ्यांना दाब स्थिर राखणेच जमत नसे. यावर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ ही सोय देण्यात आली. ती ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवली, की पुष्कळ ठिकाणी अडणे थांबले. वहीतील ‘कोणते काम चालले होते’ या रकान्यात ‘काहीच नाही’ ही नोंद किती मोलाची आहे, हे यावरून दिसेल.

कधी दोष कोणाच्याच हातचा नसतो. क्रुशल या नावाने विकल्या जाणाऱ्या एम४ या एसएसडीत एक अजब चूक होती. ती ५,१८४ तास, म्हणजे २१६ दिवस चालू राहिल्यावर एकाएकी प्रतिसाद देईनाशी होई. संगणक बंद करून चालू केला, की ठीक चाले आणि तासाभराने पुन्हा अडे. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने तिच्या आतील कार्यक्रमाची सुधारित आवृत्ती दिली आणि तो रोग गेला. त्याआधी कितीही रॅम बदलली असती, तरी उपयोग नव्हता. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांचे प्रकरण यापेक्षा गंभीर. ते गरजेपेक्षा अधिक विद्युतदाब मागत आणि त्याने झिजत. २०२४ साली कंपनीने हे मान्य केले, सुधारित मायक्रोकोड दिला व हमी दोन वर्षांनी वाढविली. परंतु आधीच झिजलेला प्रोसेसर त्या सुधारणेने बरा होत नसे, तो बदलूनच घ्यावा लागे. म्हणून भाग विकत आणण्यापूर्वी बायोस आणि एसएसडीच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या आहेत काय, ते पाहणे इष्ट.

या सर्व शोधात एका वेळी एकच बदल करावा. रॅम बदलली, केबल बदलली, बायोसही नवे केले आणि अडणे थांबले, तर नेमके कशाने थांबले हे कळत नाही; मग हमीत परत काय करावयाचे? शिवाय बरे वाटण्याची घाई करू नये. दर दोन दिवसांनी अडणारा संगणक एक दिवस नीट चालला, याने काहीच सिद्ध होत नाही. निदान आठवडाभर तरी त्याला नेहमीच्या कामास लावावे. आणि हे सारे प्रयोग कॅबिनेटचे झाकण काढून झालेले असतात, हेही लक्षात ठेवावे. झाकण लावल्यावर आतील हवा कोंडते, दाबल्या गेलेल्या तारा कोठे तरी पंख्याला टेकतात, आणि गेला म्हटलेला दोष परत येऊ शकतो. झाकण लावून, संगणक त्याच्या नेहमीच्या जागी ठेवून, तीच आठवड्याची परीक्षा पुन्हा घ्यावी; आणि ती उतरली, की वहीत तारीख टाकावी.