पत्त्यांतली हुशारी आणि घरचा हिशेब

"हा जुगार नव्हे, डोक्याचा खेळ आहे. हुशार माणूस लांब पल्ल्यात कमावतोच," असे मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळणारी मुले सांगतात. हे बोलणे अगदीच खोटे नाही. म्हणूनच ते नीट तपासून घ्यावे.

पोकरच्या प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि मधली पाच पाने सर्वांची असतात. पाने वाईट आली तर डाव सोडता येतो, चांगली आली तर रक्कम वाढवता येते. एका डावात नशीब चालते. पण हजारो डावांत, केव्हा सोडावे आणि केव्हा लावावे हे जाणणारा पुढे जातो. एका पावसाळ्यावरून जमिनीची प्रत ठरत नाही, तसेच हे.

मग अडते कुठे? खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि खेळ चालवणारी कंपनी डावातून आपला वाटा काढून घेते. घेणारा बुडो की विकणारा, दलालाची दलाली ठरलेली! समजा, सहा जण हजार-हजार रुपये घेऊन बसले. शंभर रुपयांच्या प्रत्येक डावातून पाच रुपये कापले, तर १,२०० डावांत सगळे ६,००० रुपये कंपनीच्या पेटीत जातात. तासाला ६० डाव धरले, तर त्याला २० तास पुरतात. म्हणजे समोरच्यापेक्षा थोडे हुशार असून भागत नाही. वाटा देऊनही उरेल इतके हुशार असावे लागते. शिवाय रोज नवा हरणारा यावा लागतो. जिंकलेला रुपया कुणाच्या तरी घरातूनच येतो.

अमेरिकेत २००३ साली ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस इंटरनेटवरून मोठ्या स्पर्धेत शिरला आणि त्याने २५ लाख डॉलर जिंकले. ही गोष्ट जगभर झाली. त्या स्पर्धेत ८३९ जण होते. बाकीच्या ८३८ जणांची गोष्ट कोण सांगतो?

आणखी एक ध्यानात घ्या. २०१७ साली पिट्सबर्ग येथे लिब्राटस नावाच्या संगणक कार्यक्रमाने चार कसलेल्या खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले. मोबाइलच्या पडद्यापलीकडे माणूस बसला आहे की यंत्र, हे आपल्याला दिसत नाही.

आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून, कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आता कोणी चोरवाट दाखवली, तर तिथे बुडालेल्या पैशाची दाद मागणेही कठीण.

ज्या घरात हा खेळ शिरला असेल, तिथे रागावू नका, मारझोड तर नकोच. बँकेचे पासबुक घेऊन मुलासोबत बसा. वर्षभरात गेले किती, परत आले किती, याची बेरीज त्यालाच करू द्या. जिंकलेले दिवस लक्षात राहतात, हरलेले विसरतात. पासबुक मात्र काही विसरत नाही. सुटका होत नसेल, तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. बी-बियाण्याचा पैसा खेळात जाण्याआधी एवढे करा.