खानम, पैशांचं काय एवढं!

लॉस एंजेलिसमधल्या वेस्टवूड बुलेव्हार्ड या रस्त्यावर इराणी लोकांची कितीतरी दुकानं आहेत. १९७९ च्या क्रांतीनंतर देश सोडून आलेली असंख्य कुटुंबं या शहरात स्थिरावली. २०१० मध्ये तिथल्या एका चौकाला 'पर्शियन स्क्वेअर' असं नावही मिळालं.

लेकीच्या बाळंतपणाला तिकडे गेलेल्या आपल्या बायकांना ही दुकानं अगदीच परकी वाटणार नाहीत. पिस्ते, बदाम, पनीर, शब्द जवळजवळ आपलेच! बेदाणेसुद्धा मूळचे फारसी. बी-दाना, म्हणजे बिनबियांचे.

खरी गंमत पैसे देताना. "किती झाले?" विचारलं की दुकानदार म्हणतो, "काबेली नदारे." म्हणजे, तुमच्यापुढे या वस्तूची काय किंमत! मग गिऱ्हाईकानं आग्रह करायचा, त्यानं पुन्हा नको म्हणायचं, आणि मग कुठे आकडा सांगायचा. या रीतीला 'तारोफ' म्हणतात. फुकट मिळालं समजून पिशवी उचलून निघू नका, बरं का! आपल्याकडे नाही का, चहा विचारला की पहिलं उत्तर "नको, आत्ताच झाला" हेच असतं.

निघताना गिऱ्हाईक म्हणतं, "दस्तेतून दर्द नकोने", तुमचा हात न दुखो. त्यावर उत्तर, "सरेतून दर्द नकोने", तुमचं डोकं न दुखो. कामात असलेल्याला "खस्ते नबाशीद", म्हणजे दमू नका हो, असंही म्हणतात. दिवसभर उन्हात बसणाऱ्या आपल्या भाजीवालीला असं काही म्हणायला शब्दच नाही आपल्याकडे. आपण सरळ कोथिंबीर फुकट मागतो!

उतारवयात मुलांमागून तिकडे गेलेल्या आजीबाईंना हे बोलणं फार मोलाचं. बँकेत, दवाखान्यात इंग्रजी अडतं, तिथे लेक नाहीतर सून बोलणार आणि या मुकाट शेजारी बसणार. इथे मात्र त्या 'खानम'. भाव विचारतात, पनीर चाखून बघतात, मध्ये कुणी दुभाषा नको.

तिथेच जन्मलेल्या नातवंडांचं वेगळं. फारसी कळतं, पण उत्तर इंग्रजीतून. "काबेली नदारे" ऐकायच्या आधीच कार्ड पुढे! मग आजी हळूच हात धरते. थांब जरा, आधी त्याला नको तर म्हणू दे.