जेझेरोतला एक सोल

सकाळी 6. घड्याळ मंगळाचं. तिथला दिवस 24 तास 39 मिनिटं 35 सेकंदांचा असतो आणि त्याला सोल म्हणतात. जेझेरो विवराच्या कडेवर ऊन आलं, तरी नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरला एवढ्यात कुणी उठवत नाही. रात्री पारा उणे 80 अंशांच्या आसपास उतरलेला असतो. गिअरमधलं वंगण थिजलेलं असताना चाक किंवा हात हलवला, तर मोटर कायमची जायची. म्हणून आधी हीटर, मग हालचाल.

हीटरलाही वीज लागते आणि ती मोजूनमापून मिळते. रोव्हरच्या पाठीमागे 4.8 किलो प्लुटोनियम डायऑक्साइड आहे. रोव्हर पृथ्वीवरून निघाला तेव्हा या इंधनाच्या उष्णतेतून सुमारे 110 वॅट वीज मिळत होती, आणि दरवर्षी ती थोडी थोडी घटते. काम जोरात असलं की मागणी 900 वॅटपर्यंत जाते. मधली तूट दोन बॅटऱ्या भरून काढतात आणि बॅटऱ्या भरतात त्या रोव्हर झोपलेला असताना. एक टनाच्या या यंत्राचं सगळं वेळापत्रक या हिशोबावर बसवलेलं आहे.

सकाळी 10. पृथ्वीवरून दिवसभराच्या आज्ञा येतात. गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेरा इथल्या मोठ्या डिशपैकी एखादी त्या पाठवते. दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यानुसार संदेशाला 3 ते 22 मिनिटं लागतात. ‘थांब’ म्हणेपर्यंत अपघात होऊन गेलेला असेल, म्हणून हातात दांडा धरून हा रोव्हर कुणी चालवत नाही. दिवसाचं काम एकदम सांगायचं आणि मग त्याच्यावर सोडून द्यायचं.

सकाळी 11. गाडी निघते. वेग सेकंदाला चार सेंटिमीटरच्या आसपास. कॅमेऱ्यांतून समोरचे दगड पाहत, कुठून वळायचं हे तो बराचसा स्वतःच ठरवतो. 19 जून 2025 रोजी त्यानं एका दिवसात 411 मीटर कापले. तो त्याचा विक्रम. 18 फेब्रुवारी 2021 ला उतरल्यापासून 2025 संपेपर्यंत त्याची एकूण चाल 40 किलोमीटरच्या घरात पोचली.

जेझेरो विवर 45 किलोमीटर रुंद. 3.5 अब्ज वर्षांहून अधिक काळापूर्वी त्यात नदी येऊन मिळायची आणि तळं साचायचं. बुलढाण्यातलं लोणार जेमतेम 1.8 किलोमीटरचं, पण तेही आघातानं बेसाल्टमध्ये पडलेलं विवर आणि त्यातही तळं. मंगळाचं कवच मुख्यतः बेसाल्टचंच, म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारचे खडक तपासतात. जेझेरोत काय झालं असेल याचे काही धागे बुलढाणा जिल्ह्यात हाताला लागतात.

दुपारी 1. हवा त्यातल्या त्यात उबदार, म्हणजे हाताच्या कामाची वेळ. जुलै 2024 मध्ये नेरेत्वा व्हॅलिस नावाच्या जुन्या नदीपात्रात त्याला एक मीटरभर लांबीचा खडक सापडला. नाव ठेवलं चेयावा फॉल्स. चिखलापासून बनलेल्या त्या लालसर दगडावर बारीक ठिपके होते, कडेनं काळपट आणि आत फिकट, बिबट्याच्या अंगावर असतात तसे. 21 जुलैला त्यातून नमुना काढला. पोकळ ड्रिल दगडात उतरतं, 13 मिलिमीटर जाडीची आणि सुमारे 6 सेंटिमीटर लांबीची कांडी मोडून घेतं आणि टायटॅनियमच्या नळीसकट रोव्हरच्या पोटात देतं. आतला दुसरा छोटा हात नळी कॅमेऱ्यासमोर धरतो, नमुना किती भरला ते मोजतो आणि झाकण ठोकून बंद करतो. या नमुन्याचं नाव सफायर कॅन्यन.

दुपारी 4. डोक्यावरून एखादा ऑर्बिटर जातो. तेवढ्या काही मिनिटांत चित्रं आणि मोजमापं त्याच्याकडे सोपवायची, पुढे पृथ्वीवर तो पाठवतो. पासाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत आता माणसांचा दिवस सुरू होतो. रोव्हर कुठे थांबला, चाकाखाली काय आलं, हात पोचेल का, हे चालक त्रिमितीय चष्मे लावून बघतात. पाचेक तासांत उद्याच्या आज्ञा लिहून, तपासून तयार. पहिले तीन महिने ही मंडळी मंगळाच्या घड्याळावर जगली. रोज 40 मिनिटं उशिरा कामावर जायचं, म्हणजे काही दिवसांत मध्यरात्र ही सकाळ होते.

रात्री 9. मला या दिनक्रमात सगळ्यात थोर वाटते ती ही पाळी. हाताच्या टोकाला पिक्सल नावाचं क्ष-किरण उपकरण आहे. त्याचा किरण केसाइतका बारीक. दगडावर बिंदूबिंदूनं फिरत ते कोणतं मूलद्रव्य कुठे आहे याचा नकाशा काढतं. याला तासन्‌तास लागतात, आणि थंडीनं रोव्हरचा हात आक्रसत असतो, सेंटिमीटरभरानं. नेम चुकू नये म्हणून उपकरण स्वतःच्या सहा छोट्या पायांवर सरकत जागा सावरत राहतं. त्या ठिपक्यांच्या कडांना लोह, फॉस्फरस आणि गंधक दिसलं ते अशा कामातून. सप्टेंबर 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधात जोएल हुरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ही खनिजं बहुधा व्हिव्हियानाइट आणि ग्रेगाइट असावीत असं मांडलं. पृथ्वीवर अशी खनिजं पुष्कळदा सूक्ष्मजीवांच्या उद्योगातून बनतात. जीवाविनाही ती बनू शकतात, म्हणून शास्त्रज्ञ ‘संभाव्य जैवखूण’ एवढंच म्हणतात. ही सावधगिरी योग्यच आहे.

पहाटे 3. ऑर्बिटर पुन्हा येणार असेल तर रोव्हर क्षणभर जागा होतो, माहिती देतो आणि परत झोपतो. बॅटऱ्या भरत राहतात.

ठिपके कशाचे हे रोव्हर सांगू शकणार नाही. त्याच्याजवळची उपकरणं इथवरच पुरतात, उत्तर पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत आहे. एप्रिल 2024 मध्ये नासानं स्वतःच सांगितलं की, आहे त्या आराखड्यानं नमुने आणायला 11 अब्ज डॉलरपर्यंत खर्च येईल आणि 2040 उजाडेल. तेव्हापासून ती मोहीम रखडलेलीच आहे. दहा नळ्या जेझेरोतल्या थ्री फोर्क्स इथे जमिनीवर ठेवलेल्या आहेत, सफायर कॅन्यन रोव्हरच्या पोटात आहे. चीननं तियानवेन-3 साठी 2028 चं उड्डाण ठरवलं आहे, पण ते यान आणेल ते नमुने दुसऱ्याच जागचे असतील. एवढ्या वर्षांच्या रात्रपाळीनंतर हे काम अर्ध्यावर सोडणं ही विज्ञानाची मोठी हानी ठरेल. खर्च कमी करायचे मार्ग शोधा, भागीदार वाढवा, पण या नळ्या आणा.